येणे बाकी

दांडिया बाजारात आमचं दुकान. रणदिवे लाइट्स.
आडनावावरचा विनोद प्रत्येकजण करतोच,
तुम्हीही करून घ्या.
लग्नं, गरबा, गणपती,
आणि वर्षभर फिल्म शिकणारी पोरं, अर्ध्या भाड्यात.

त्याचं नाव वहीत घालताना तीनदा विचारलं.
लुसुंगु न्यिरेंडा. गाव म्झुझु, देश मलावी.
मी लिहिलं : लुसुंगू मलावीकर.
त्यानं वाचून घेतलं, हसला, म्हणाला, राहू दे.
दिवे उचलताना म्हणाला, "येवो."
काय येवो? पाऊस? गिऱ्हाईक?
"थँक्यू, काका. आमच्याकडे असंच म्हणतात."

ऑगस्ट. हजारचे दोन, स्टँड एक.
विश्वामित्रीच्या काठी, मगरींवर फिल्म.
तीन रात्री मगर आली नाही.
मग त्यानं पुलावरच्या वॉचमनवर केली.
वॉचमन सात मिनिटं डबा खातो. एवढंच.
मला आवडली. का ते विचारू नका.

डिसेंबर. चाळीसचा बल्ब एक.
कणकेच्या बाहुल्या, एकेक फोटो काढून हलवलेल्या,
नवरीचं लग्न लाटण्याशी.
उंदरांनी नवरी खाल्ली. दुसरी मळली.

बाकीच्यांच्या फिल्ममध्ये तो
कधी माइकचा बांबू धरून, कधी पाटी वाजवत,
कधी सगळ्यांच्या रिक्षाचे पैसे देत.
पडद्यावर मात्र त्याला दोनच कामं,
गर्द विकणारा, नाहीतर भूत.
मेकअपचा खर्च वाचला, असं डायरेक्टर पोरगा
माझ्या काउंटरवरच बोलला.
त्या रात्री दिवे परत करताना
लुसुंगु नुसताच मान हलवून गेला.

जानेवारीत त्यानं दुकानातच मांडामांड केली.
समोरून नको, काका. बाजूनं.
माझ्यावर नको, भिंतीवर मारा,
भिंतीवरून येऊ दे.
पंगतीतली पितळी परात मागून घेतली,
गालाला खोबरेल लावलं,
आणि त्या वीतभर पडद्यावर त्याचा चेहरा :
जांभळट, तांबूस, कानाजवळ जरासा निळा.
चाळीस वर्षं दिवे भाड्यानं देतोय मी.
मला वाटायचं, काळा म्हणजे
उजेड कमी पडला.

नलू आठवली. बहीण माझी.
दाखवायच्या फोटोसाठी रावपुऱ्यातल्या स्टुडिओत
आपल्याच दुकानातले हजारचे दोन
तिच्या तोंडावर मारले होते आम्ही.
पावडर वेगळी.
तीन फोटो, तिन्हींत डोळे मिटलेले.
एक अजून गल्ल्याच्या खणात आहे. तो दाखवला.
त्यानं बराच वेळ धरला हातात.
"ही कुठे असते?"
मकरपुऱ्यात, म्हटलं. बालवाडी चालवते. साठीची झाली.
"येईल?"

फेब्रुवारी. परात एक, पाचशेचा एक, चादर घरची.
भाडं लावलं नाही.
नलू पर्समधून पावडरचा डबा घेऊनच आली होती.
त्यानं काही म्हटलं नाही, फक्त आधी
पडदा तिच्याकडे वळवला.
तिनं पाहिलं.
डबा पुन्हा पर्समध्ये गेला, झाकण नीट लागलं नव्हतं,
रुमाल, चाव्या, सगळं पांढरं.
मग चार मिनिटं ती
बालवाडीतल्या पोरांची नावं घेत राहिली, हजेरीसारखी.

कॉलेजच्या हॉलमध्ये शेवटी नावं वर सरकली.
दिवे : रणदिवे.
मागे कोणीतरी हसलं. झाला त्यांचाही विनोद करून.
नलू म्हणाली, नाकाचं हाड आईसारखं आहे रे माझं.
मी म्हटलं, असेल.

एप्रिलमध्ये तो गेला.
सामान मोजून दिलं त्यानं. एक क्लॅम्प कमी.
मी येण्याच्या रकान्यात लिहिलं :
क्लॅम्प एक, लुसुंगु न्यिरेंडा,
कोणाला न विचारता, सगळी जोडाक्षरं.
मुलगा म्हणतो, ऐंशी रुपयांची वस्तू,
खातं बंद करून टाका, बाबा.

नाही करत.
येणे आहे ते.
येवो.