सतरा मिलिमीटर

परभणीचा दुकानदार म्हणाला, बारा पटीची घ्या.
मी म्हटलं, माझा नंबर उणे सात.
तो म्हणाला, मग चष्मा काढा की.

चष्मा काढला तर
येलदरीचं अख्खं पाणी एक निळसर डाग,
दुर्बीण कुठं रोखायची
तेच कळत नाही.

चष्म्यासकट लावली,
तर काचेवर काच खट्‌कन आपटली
आणि जग उरलं
चाळणीच्या एका भोकाएवढं.

मच्छी सोसायटीत वजनं लिहिणाऱ्या मुनीरनं
आपली जुनी आठाची हातात दिली.
डोळ्याकडचं रबर खाली मुडपलं,
मोजा गुंडाळावा तसं.
'सतरा मिलिमीटर लांबून दिसाया पायजे बगा तुमाला.
पट कमी आसंल तर चालतंय.'

धरणाच्या भिंतीवर फाल्गुनातला वारा.
चक्रवाकाची जोडी,
नराच्या गळ्यात काळी बारीक दोरी.

तिसरीत गुरुजी म्हणाले होते,
ढ आहेस, मागं बस.
मागून तर फळाही नव्हता.

काचेवर माझ्याच श्वासाची वाफ धरली.
शर्टाच्या टोकाला पुसली
आणि पुन्हा शोधत बसलो
ती दोरी.