उलट क्रमाने

बाटलीवर नारिंगी चिकटपट्टी,
तिच्यावर अर्धा मिटलेला डोळा आणि एक मोटार.
औषधांच्या दुकानातल्या जोव्हेलिननं ती नखानं दाबून बसवली,
म्हणाली, मिसेस हावरिलक, हे घेऊन गाडी चालवू नका हं.
मी म्हटलं, पोरी, हे घ्यायला मी
बाहत्तर किलोमीटर गाडी चालवत आले.
ती हसली नाही.
मीही विनोद केला नव्हता.

सस्कॅचेवानच्या नकाशावर आमचं गाव
घडीवर येतं, कागद फाटतो तिथं.
धान्याचं कोठार आहे, टपालपेट्या आहेत,
ईस्टरला उघडणारं घुमटाचं चर्च आहे.
शाळा गेली, मग शाळेची बस गेली.
ती बस मी चालवायचे, सव्वीस वर्षं,
उणे पस्तीसमध्ये, अंधारात.
तिनं माझ्या कमरेतले दोन मणके
असे एकमेकांवर आणून बसवले
की अबोला धरलेल्या जावा बऱ्या.

गोळी घेतली नाही तर मान वळत नाही.
डाव्या खांद्यामागचा ट्रक दिसत नाही,
नुसता ऐकू येतो.
गोळी घेतली तर मान वळते, लोण्यातून सुरी फिरावी तशी,
ट्रकही दिसतो, लाल, लखलखीत,
फक्त त्याला वाट द्यायची असते
हे जरा मागाहून येतं,
टपालानं.

डॉक्टर म्हणाले, डोस बरेच दिवस तोच आहे,
चालवण्याजोगं वाटतंय का, ते तुमचं तुम्हालाच कळेल.
मला!
जिनं गोळी गिळली तिलाच साक्षीला उभं करायचं.

म्हणून मी माझीच परीक्षा काढली.
अंगणात, इंजिन बंद, हात स्टिअरिंगवर,
बसचा जुना रस्ता उलटा म्हणायचा,
शाळेपासून मागं, पहिल्या फाटकापर्यंत.
डॅरिन प्रोकोपचुक, टोपीचा गोंडा चघळणारा.
लार्सनांच्या जुळ्या, एकच दप्तर, दोघींची भांडणं.
क्लेम बुव्हिए, कोटात लपवलेलं मांजराचं पिल्लू.
सतरा फाटकं, तेवीस पोरं.
एकही गळलं नाही तर किल्ली फिरवायची.
चार वर्षं कुणी गळलं नाही.

मार्चमधला मंगळवार. घरात तीन गोळ्या.
म्हणत म्हणत तळ्याजवळच्या फाटकाशी आले
आणि थांबले.
इथं कुणीतरी चढायचं.
बसच्या दाराचा सुस्कारा ऐकू आला,
पायरीवर बूट आपटून झटकलेला बर्फ,
उकडलेल्या अंड्याचा वास,
एक मोजा हिरवा, दुसरा कसला तरी.
चेहरा नाही. नाव नाही.
मी दार उघडं धरून बसले.

गोळीमुळं असेल. नसेलही,
सदुसष्टावं चालू आहे.
किल्ली काढली.
उतरायलाच सात मिनिटं लागली.

शेजारच्या ओरेस्टनं नेलं.
त्याच्या गायी विताहेत, तीन रात्री झोप नाही,
एक हात कॉफीच्या कपाला, मांडीवर फोन थरथरतोय,
त्याच्यावर कुणी चिकटपट्टी लावलेली नाही.
वळणाआधी त्याचे डोळे मिटले,
मी ओरडले, ओरेस्ट!
मागच्या बाकावरच्या पोरांवर ओरडायचे त्याच आवाजात.
सरळ बसला, चांगला अडतीस वर्षांचा बाप्या.
पुढं सगळा रस्ता मी बोलत राहिले,
गव्हाच्या भावाबद्दल, काहीबाही,
दर खड्ड्याला कंबर मध्ये तोंड घालत होती.

जोव्हेलिननं विचारलं,
हल्ली गाडी चालवत नाही ना?
नाही, म्हणाले.
खरं होतं, तरी कान तापले.

परतताना तळ्याजवळच्या फाटकाशी
मी त्याला थांबायला लावलं.
घर केव्हाच पाडलंय, नुसता खांब आहे,
खांबावर बर्फाची टोपी.
इथं कोण राहायचं रे?
कोण जाणे, तो जांभई देत म्हणाला, माझ्या आधीचं असेल.

इंजिन चालू होतं.
मी माझ्या बाजूचं दार उघडलं,
थंडी आत आली.
काय झालं, त्यानं विचारलं.
काही नाही, म्हटलं,
मिनिटभर थांब.