सतरा मिलिमीटर

दुकानाच्या काचेमागे तीन महिने ती लेन्स.
खाली पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर पेन्सिलीनं किंमत.
पेन्सिलीनंच, कारण बाहिया ब्लांकात
शाईनं भाव कुणी लिहीत नाही आता.
दर सोमवारी म्हातारा सिप्रियानो खोडरबर घेतो,
पुठ्ठा तेवढ्या जागी पापुद्र्यासारखा झालाय.

मी दातांच्या कवळ्या बनवते.
दिवसभर परक्या तोंडांचे साचे
नाकासमोर धरून बघणारी बाई,
रविवारी तिला लांबचं बघावंसं वाटतं, एवढंच.
छंदाचं कारण कुणी विचारलं तर हे सांगते.
खरं कारण मलाही ठाऊक नाही.

रुफिनो म्हणतो, फ्रिजचा कॉम्प्रेसर घरघरतोय.
रुफिनो म्हणतो, तुझा कॅमेरा जेवढ्याचा नाही
तेवढ्याची ही काच. नाकापेक्षा मोती जड.
बरोबरच आहे त्याचं.
तो बरोबर असतो तेव्हा मला जास्त राग येतो.

शनिवारी सिप्रियानोनं लेन्स हातातच ठेवली.
“घेऊन जा. ओळखपत्र ठेव इथे. सोमवारी बोलू.”
पुढच्या काचेवर कुणाचा तरी जुना ओरखडा,
केसाएवढा. “फोटोत येत नाही तो,” म्हणाला,
“डोक्यात येतो.”

आधी गावाबाहेर गेले,
जिथे तारेचं कुंपण संपतं आणि काहीच सुरू होत नाही.
सगळे म्हणायचे, पाम्पासाठी अशीच लेन्स हवी.
डोळा लावला.
एवढं थोरलं माळरान सुतळीएवढं झालं,
पवनचक्की काडी, गाई तीळ,
आणि वर आभाळच आभाळ, न वाढलेल्या ताटासारखं.
जे अफाट होतं ते तिनं आणखी लांब लोटलं.
वारा तेवढा होता तसाच राहिला, माझ्या कानात.
पैसे वाचले, म्हटलं. हलकं वाटलं.
जरा वाईटही.

रविवारी नणंदेकडे जेवण.
एल्बियाचं स्वयंपाकघर: नऊ माणसं, सात खुर्च्या.
अठरा वर्षं मी तिथले फोटो अंगणातून काढत आले,
मागे सरकत सरकत दाराबाहेर, कपड्यांच्या दोरीखाली,
ओली चादर मानेला लागेपर्यंत.
प्रत्येक फोटोत दाराची चौकट,
प्रत्येक फोटोत चुलतसासरे अनसेल्मो अर्धेच.
त्यांचा उजवा कान आमच्या कुठल्याच अल्बममध्ये नाही.

काल मी आत राहिले.
पाठ त्यांच्या फ्रिजला टेकलेली
(तो घरघरत नाही),
आणि सगळे आले.
अनसेल्मो पुरे आले, कडेला होते म्हणून
कान भोपळ्याच्या फोडीसारखा ताणलेला;
येर्बाच्या चहाचा पेला पुढे होता, त्याचा डोंगर झाला;
पाव मोडणारा एल्बियाचा हात परातीएवढा;
सिंकखालची बादली आली, जी सगळ्यांनी पायानं मागे सारली होती;
एव्हारिस्तोनं बायकोपासून फिरवून घेतलेली खुर्ची आली,
आजवर जिची नुसती पाठ दिसायची.
“अजून जवळ ये,” कुणीतरी म्हणालं. गेले.
या काचेला जवळ जावंच लागतं,
नाहीतर ती माणसांचंही माळरान करते.

रात्री कॅमेऱ्याच्या एवढ्याशा पडद्यावर बघताना
अगदी खाली, मधोमध, दोन तपकिरी टोकं दिसली.
रुफिनोला विचारलं, हे काय?
तुझे बूट, तो म्हणाला.
बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला,
अंथरूण पाहून पाय पसरावेत, बये.
पण कॅमेरा लगेच परत दिला नाही.

अठरा वर्षांत त्या घरातल्या फोटोत मी.
बुटांपुरती.

आज सोमवार.
लेन्स काउंटरवर, शेजारी माझं ओळखपत्र,
त्यावरचा चेहरा कानापाशी कापलेला, कुणाचाही असावा असा.
सिप्रियानो काचेमागून पुठ्ठा काढून घेतो.
फ्रिजचे पैसे पर्सच्या डाव्या कप्प्यात.
उजव्यात काही नाही.
“काय मग?”
मी पर्स उघडत नाही. तो खोडरबर उचलत नाही.
रस्त्यावरून धान्याचा ट्रक जातो,
दुकानातल्या सगळ्या काचा थोड्या थोड्या वाजतात.