तंगाच्या जागी

दुखणं म्हणे हत्तीच्या पावलांनी येतं.
हे तसं आलं नाही.
खरारा करताना बोट अडलं, एवढंच,
फोव्हेतच्या कोपरामागे, तंग बसतो तिथे,
मसुरीएवढं काहीतरी.
गोमाशी चावली असेल, म्हटलं.

गवत कापून, वाळून, आत येईपर्यंत
त्याचा अक्रोड झाला होता,
वरून सोललेला, ओला,
आणि माशांना पत्ता मिळालेला.

शेजारच्या आर्मांदनं एक फोन नंबर दिला.
आमच्या ज्युरात अशी माणसं असतात,
मंत्र कुणालाही न सांगता पुटपुटणारी.
पलीकडचा आवाज म्हातारा, सर्दी झालेला.
नाव? फोव्हेत.
रंग? तांबूस. आयाळ काळी.
कोणती बाजू?
डावी, म्हणाले, आणि गोंधळले:
तिची डावी, की समोर उभ्या असलेल्या माझी?
‘तिला माहीत आहे,’ म्हणाला,
आणि फोन ठेवला.

गुरुवारी डॉक्टर शेतेला आली,
गाडीच्या डिकीत थंड वाफ सोडणारं एक भांडं घेऊन.
सारकॉइड, ती म्हणाली.
अर्धवट छेडलं तर चिडतं.
करायचं तर मुळापर्यंत.
भुलीच्या सुईनं फोव्हेतची मान खाली खाली आली,
डोकं माझ्या खांद्यावर,
ओल्या पिठाच्या पोत्यासारखं.
मी बघितलं नाही. ऐकलं.
नायट्रोजनचा फिस्स,
मग डॉक्टरचं मोजणं.
गोठवायचं, वितळू द्यायचं, पुन्हा गोठवायचं.
आमचा मार्च महिनाही असंच करतो, मी म्हणाले.
ती हसली नाही.
ती सत्तावीसवर होती.

सप्टेंबरात खपली पडली. कुत्र्यानं पळवली.
खाली गुलाबी कातडी,
मग केस आले ते पांढरे,
धार काढताना दूध उडावं तसे.
डॉक्टरचं बिल भरलं.
फोनवरचा म्हातारा पैसे घेत नाही,
त्याला चीजचा अर्धा गोळा पोचवला.
दोघांनाही एकमेकांचं
सांगितलं नाही.

आता कानाच्या आत एक आहे.
राखाडी, सपाट, केस गेलेलं.
‘याला हात लावायचा नाही,’ डॉक्टर म्हणाली,
‘झोपलंय. नुसतं बघत राहा.’
हात न लावणं
मला कुणी शिकवलं नव्हतं.

दर रविवारी त्याच्या शेजारी
पाच सांतीमचं नाणं धरते.
अजून नाणं मोठं आहे.
फोव्हेत कान झटकते, नाणं पेंढ्यात उडतं,
आणि मी गुडघ्यांवर, चष्म्याशिवाय,
चाचपडत राहते,
तोवर ती माझ्या खिशात
गाजर शोधते.