सोळा पानं

नवा सीझन शुक्रवारी रात्री बाराला सुटला.
पाचवा खंड. शेवटचा.
गंगावेशीत, दूध कट्ट्यावर, धार ग्लासात वाजत असताना
आम्ही चौघं-पाचजण, पन्नाशी ओलांडलेले,
पोरांसारखे भांडत होतो:
आंधळा किल्लेदार शेवटी दार उघडतो का नाही?

"उघडतो," मी म्हणाले. "बाहेर त्याचा बाप उभा असतो,
दाढी पांढरी, घोडा दमलेला."
"काय तरीच," विलास सांगावकर म्हणाला, "दारच मोडतंय की गं!
दोन्ही फौजा आत येतात आणि कोण कुणाला चीत करत नाही.
बरोबरीत सुटते."
मिरजेहून नसीम, फोन स्पीकरवर:
"येड्यांनो, किल्ल्या राणी घेते. एकेक खंदकात टाकते
आणि जाते निघून. एकटी. मागं बघत पण नाही."

मग सगळे गप्प.
म्हशीनं शेपटी मारली विलासच्या पँटवर.

चिवट्यांचं वाचनालय बिंदू चौकातून आत,
पिठाच्या गिरणीच्या माडीवर.
पान उलटलं की बोटाला ज्वारी लागायची.
पाच रुपये अनामत, महिन्याला दीड.
कापडी बांधणीचे पाच खंड, पाठीवर आकडे खळीनं डकवलेले,
आणि पाचव्याची शेवटची सोळा पानं नव्हती.
बापूसो चिवटे चष्मा कपाळावर ढकलायचे.
"फर्मा गळला छापखान्यात. बस. सांगतो."
आणि सांगायचे.
खाली गिरणी थांबली की तेही आवाज खाली आणायचे,
कुणाचं तरी गुपित असल्यासारखं.

विलासनं वाचला तेव्हा तो नुकताच खासबागेत पडला होता,
दीड मिनिटात, मामाच्या देखत.
नसीमचं मिरजेत ठरत होतं, तिला न विचारता.
माझं मागनं सांगते.

टीव्हीवरचा किल्ला संगणकातला आहे. धुकं बरं जमलंय.
राणी हेमवळा मान वळवते तेव्हा
मला अजून अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू.
मुलगी म्हणाली, "आई, दगड नकली वाटतात."
मला वाटत होतं, कुठंच पीठ कसं नाही.

आठव्या भागात किल्लेदार मरतो.
दाराला हात लागायच्या आधी, पायरीवर,
लढाईत नाही, विषानं नाही, साध्या तापानं.
बाहेर थाप मारणारा कोण, ते कळतच नाही.
मग राज्याभिषेक, हत्ती, लग्न,
आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं:
मूळ कादंबरीशी प्रामाणिक राहून.

रविवारी बापूसोंचा धाकटा आला स्कूटरवरनं.
"दादांचं टेबल विकायला काढलं. खणात खाली
वर्तमानपत्र घातलेलं, त्याच्याखाली हे."
सोळा पानं.
वाळवी नाही. फर्मा गळलेला नाही.
कडेनं ब्लेड फिरवलेलं, पट्टी धरून, सरळ,
बरोबर किल्लेदाराच्या तापापासनं.
पहिल्या पानाच्या डोक्यावर पेन्सिलीत तारीख:
आठ फेब्रुवारी ऐंशी.

विलासला फोन लावला आणि कट केला.

नाना सीपीआरमध्ये गेले, जानेवारीत, तापानं.
आम्ही बाहेर पायरीवर बसलो होतो, आत सोडत नव्हते.
मी बारा वर्षांची.
सात तारखेला त्यांचं तेरावं झालं.
आठला संध्याकाळी मी चौथा खंड परत केला,
रजिस्टरात सही केली, पाचवा मागितला.
तो समोरच होता, फळीवर.
बापूसोंनी काढला, माझ्याकडं बघितलं,
आणि परत उलटा ठेवला टेबलावर.

"बांधणी सुटलीय त्याची," म्हणाले.
"उद्या ये, पोरी."