घासाघीस

ऑक्सनार्डला रुबेनच्या गॅरेजचं दार
आज सकाळी सातलाच वर गेलं.
घडीच्या टेबलांवर त्याचं सामान,
आणि प्रत्येक वस्तूला नारिंगी टिकली,
वर लेटिसियाच्या अक्षरात किंमत:
एक डॉलर, तीन, पाच.

रांगेत मी सहावी.
पुढे दोन व्यापारी, हातात टॉर्च,
रेकॉर्डवरचे चरे बघायला.
असल्यांना रुबेन गिधाडं म्हणायचा.
आणि मग पहाटे चारला उठून आम्हीही तेच करायचो,
थर्मासच्या एकाच झाकणातून कॉफी पीत,
परक्या मेलेल्यांच्या अंगणात.
तेव्हा कधी मनात आलं नाही
की आतल्या खोलीत कुणी डोळे पुसत असेल.

त्रेसष्ट सालच्या नाचाची पत्रकं, कडा कसरीने खाल्लेल्या.
कुठल्याशा बॉलरूमच्या काडेपेट्या,
एकही काडी ओढलेली नाही.
ड्रमचं फाटकं कातडं, त्यावर कुणाची तरी अर्धी सही;
उरलेल्या अर्ध्या सहीचा शोध
आम्ही एकोणीस वर्षं घेतला.
आणि तो फोटो: चार पोरं, पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट,
गळ्यात गिटारी, मागे समुद्र,
आणि चौघांचेही बूट कोरडे ठणठणीत.

रुबेनलाही पोहता येत नव्हतं.
सांता पॉलाच्या लिंबाच्या बागांतला पोरगा,
बापाच्या ट्रकमधल्या रेडिओवर
त्याने समुद्र आधी ऐकला,
पंधरा मैलांवरचा, बघितला मग.
‘ऐकला तेवढा मोठा नव्हता,’ म्हणायचा.

या संगीताला शब्द नसतात.
कुणी कुणाला सोडून गेलं, कुणी परत आलं,
काही सांगत नाहीत; नुसती लाट चढते, फुटते.
माझा नवरा गेला त्या आठवड्यात
रुबेन रोज संध्याकाळी यायचा,
रेकॉर्डवर सुई ठेवायचा,
बाजू संपली की उठून उलटायचा.
एवढंच.
जाताना कप विसळून ठेवायचा.

टेबलाखाली, जुन्या टॉवेलवर, ती पेटी.
तपकिरी, कातडी मुठीची. आत तीन स्प्रिंगा.
गिटारचा आवाज त्यांतून जातो
आणि ओला होऊन बाहेर येतो.
व्हेंचुराच्या चर्चच्या बाजारात घेतली आम्ही,
चाळीस डॉलर, वीस त्याचे, वीस माझे.
सहा महिने त्याच्याकडे, सहा माझ्याकडे, असं ठरलेलं.
गेली तीन वर्षं त्याने परत दिली नव्हती.
मागितली की म्हणायचा, ‘दुरुस्तीला टाकलीय.’

टिकलीवर वीस.

‘दहा,’ मी म्हटलं.
लेटिसियाने वर पाहिलं.
‘अर्धी माझीच आहे,’ मी म्हटलं.
‘अशाच घ्या ना, वांडा आंटी,’ म्हणाली ती,
आणि मी जवळजवळ ओरडलेच तिच्यावर:
फुकट नको. भाव कर.
तुझ्या बापासमोर फुकट घेतली असती
तर महिनाभर बोलला नसता माझ्याशी.
ती थांबली.
मग तीच हनुवटी किंचित वर गेली.
‘अठरा,’ म्हणाली.
‘अकरा. मूठ सुटलीय.’
‘मूठ ओरिजिनल आहे. सोळा.’
मागचा व्यापारी घड्याळ बघायला लागला.
आम्ही घाई केली नाही.

साडेतेरावर सौदा तुटला.
पन्नास सेंट सुटे नव्हते तिच्याकडे, माझ्याकडेही;
ते राहिले.

पेटी शेजारच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला.
टिकली काढली नाही.
रेल्वेच्या फाटकाअलीकडे एक खड्डा आहे,
त्यात चाक आपटलं
आणि पेटीच्या आत कुठेतरी खोल,
तार नाही, वीज नाही, तरी
एक लाट फुटली. अगदी लहान.

पुढचा रस्ता नवा होता, गुळगुळीत.
पेट्रोल पंपापाशी मी गाडी वळवली
आणि परत त्या खड्ड्याकडे निघाले.