टेबल नऊची चिठ्ठी

खाली बर्फाचा कारखाना, वर आम्ही.
मिरकरवाड्याच्या वासावर मालकाने
गवतीचहाच्या अगरबत्त्या लावून पाहिल्या,
मग नाद सोडला आणि पाटीवर लिहिलं:
सी-फेसिंग लाउंज, शनिवारी लाइव्ह.

लाइव्ह म्हणजे गिटारला इम्तियाज होडेकर,
गायला सेलिना, दिवसा विम्याच्या ऑफिसात,
आणि ड्रमवर भुवड, शिमग्यात नमनाचा मृदंगवाला,
जो हातात ब्रश असतानाही
विसरून गणाचा ठेका धरतो.
मी कीबोर्ड. गणपतीत डबलबारीची पेटी,
बाकी वर्षभर ही. हिच्यात दोनशे आवाज आहेत,
कामाचे चार.

फर्माइशी टिशूपेपरवर येतात.
पुण्याची माणसं इंग्रजीत लिहितात,
आंब्याचे व्यापारी नुसतं सिनेमाचं नाव.
एक डॉक्टर दर शनिवारी तेच गाणं मागतो
आणि ते सुरू झालं की
सिगरेट ओढायला बाहेर जातो.

मासेमारीबंदीला दहा दिवस होते.
टेबल नऊवरून आलेली चिठ्ठी
मला सगळी वाचता आली, आणि कळली काहीच नाही.
काने, मात्रा, वेलांट्या जागच्या जागी,
पण आपला शर्ट घालून
दारात दुसराच कोणी उभा असावा तसं.

टेबल नऊ: चार खलाशी, नेपाळचे.
नव्या शर्टांवर दुकानातली घडी अजून तशीच.
दारावरच्या संदेशने त्यांच्या स्लीपरांकडे बघून
आधी 'फुल आहे' सांगितलं होतं,
निम्मी टेबलं रिकामी असताना.
सेलिना माइकवरूनच म्हणाली,
सोड रे आत, जरा हवा येऊ दे.

ब्रेकमध्ये मी त्यांच्याकडे गेलो.
हा पहिला शब्द काय रे? हिउँ?
नरबहादुर त्याचं नाव. त्याने हिंदीत शोधलं,
छताकडे पाहिलं, दिव्यांकडे, एसीकडे,
मग बोट खाली केलं, फरशीकडे.
तेवढ्यात खालचं मशीन सुरू झालं,
लाद्या फोडायचं,
रात्री दोनला सुटणाऱ्या बोटींसाठी.
टेबलावर ग्लास थरथरले.
ये, तो म्हणाला. लेकिन ऊपर से गिरता है.
आणि थोडं थांबून: मुफ्त.

गाणं आम्हाला येत नव्हतं.
गुणगुण म्हटलं, मी पट्टी शोधतो.
काळी दोनच्या किंचित वर,
पांढरी तीनच्या किंचित खाली,
पेटीत जिथे नुसती फट असते तिथे त्याचा सा.
शेवटी कीबोर्डचं ते चाक, जे मी कधी वापरत नाही,
अंगठ्याने अर्धं वळवून तसंच धरून ठेवलं.
भुवडने काठ्या मांडीवर ठेवल्या.
ठेका खालून येतोय, म्हणाला, मी कशाला?

दोन कडवी झाली. तिसरं आठवेना.
सोबतचे तिघेही
छताला लिहिलेलं असल्यासारखे वर बघत बसले,
मग चौघेही हसत सुटले, इतके मोठ्याने
की पुण्याचं टेबल वळून पाहायला लागलं.
डॉक्टर त्या वेळी आत होता.
सिगरेट न पेटवता बोटांत धरून.

दीडला त्यांनी बिल दिलं, नोटा दमट होत्या.
मी वायरी गुंडाळून मागच्या जिन्यावर आलो तेव्हा
चार नवे शर्ट क्रेटवर घडी घालून ठेवलेले,
वर दगड.
बनियनवर नरबहादुर, खांद्यावर पोतं,
पोत्यावर लादी, मान तिरकी,
फळीवरून बोटीत, बोटीतून परत.
तिसऱ्या की चौथ्या फेरीला त्याने वाकून
खाली सांडलेला एक तुकडा उचलला,
तोंडात टाकला,
आणि एका गालात तो धरून
पुढची लादी घेतली.